एका थानातली तीन पोरं

माझी आई गुणाबाई कोणाच्या शेतावर जळली नाही की कोणाच्या सोन्यावर जळली नाही. शेजाऱ्यांनी स्लॅबचं घर बांधलं तेव्हा ती त्यांच्याकडे वास्तूचं जेवण पोटभर जेवून आली, वरण पातळ होतं म्हणाली आणि विषय संपला. पण माझी चुलत बहीण उर्वशी पोळ्याला आमच्या दारातून आत आली की आईच्या अंगाचा जो तिळपापड व्हायचा, तो थेट दिवाळीपर्यंत टिकायचा. उर्वशी उंच होती आणि मी नव्हते, एवढंच कारण.

आई जळायची म्हणून तिला हसायचा मला काही अधिकार नाही. मी तिच्याहून जास्त जळायचे. फरक इतकाच की ती बोलून दाखवायची आणि मी उर्वशीशेजारी फोटोला उभं राहायची वेळ आली की ओट्याच्या वरच्या पायरीवर जाऊन उभी राहायचे.

आमचं गाव गोंडपिपरीपासून सहा किलोमीटरवर. माझे वडील दादाजी शेती करतात, धान आणि थोडा कापूस. त्यांचे धाकटे भाऊ रोशनकाका भद्रावतीच्या फॅक्टरीत लागले आणि तिथल्या कॉलनीत क्वार्टर मिळाल्यावर तिथलेच झाले. काकाकाकूंना उर्वशी एकटीच. आम्ही दोघं, मोठा प्रणित आणि त्याच्यानंतर तीन वर्षांनी मी, दिव्यानी. उर्वशी माझ्याहून दीड वर्षानं लहान, हे लक्षात ठेवा. कारण कपडे मोठ्या बहिणीचे लहानीला जातात अशी जगाची रीत असली तरी आमच्याकडे लहानीचे मोठीला यायचे. रंभाकाकू उर्वशीचे आखूड झालेले ड्रेस इस्त्री करून पिशवीत घालून आणायची. ते मला ढगळ व्हायचे. आई ती पिशवी घ्यायची, बरं झालं म्हणायची आणि काकूची पाठ फिरली की पिशवी अशी आपटायची की कोंबड्या पळायच्या.

आई स्वतः साडेचार फुटांच्या थोडी वर. पण धान रोवण्याच्या दिवसांत चिखलात वाकलेल्या बायांच्या रांगेत तिचा हात सगळ्यांच्या पुढे असतो. गावात कोणाची रोवणी अडली की आधी गुणाबाईला बोलावणं येतं. मी पोटात असताना नवव्या महिन्यापर्यंत ती रोवण्यात होती हे ती अभिमानानं सांगते. घरात सगळ्यांचं जेवण झाल्यावर ती जेवायला बसते आणि पातेल्यात उरलं असेल त्याच्यात भागवते. तिच्या आईनं तेच केलं, सासूनंही तेच केलं. म्हणून हे कधी कोणाला दिसलं नाही.

आता थानाची गोष्ट. आजोबांपासून आमच्या घरात एक पद्धत होती. पोळ्याला काकांचं कुटुंब गावी आलं की दोघं भाऊ गोंडपिपरीला जाऊन कापडाचं एक अख्खं थान आणायचे आणि घरातल्या सगळ्या पोरांचे दिवाळीचे कपडे त्याच थानातून शिवले जायचे. भावाभावांत दुजाभाव नको म्हणून. प्रणित, मी आणि उर्वशी, तिघांनाही सारखा कुर्ता आणि खाली सारखा पायजमा. मुलींसाठी वेगळा घेर नाही, कापड वाया जातं. दिवाळीत आम्ही गावातून निघालो की लोक विचारायचे, बँड कोणाच्या लग्नाला चालला म्हणून.

कपडे शिवायचे अयूबभाऊ. गोंडपिपरीच्या बसस्टँडमागे त्यांचं दुकान. त्याआधी दहा-बारा वर्षं ते भद्रावतीला एका मोठ्या टेलरकडे कॉलनीच्या शाळेचे गणवेश शिवायचे. त्यांची माप लिहायची तऱ्हा वेगळीच. गिऱ्हाईकाचं नाही, घराचं पान. एका घराला समोरासमोरची दोन पानं, त्यात वर्षावर्षाची मापं आणि प्रत्येक वर्षाच्या मापाशेजारी त्या वर्षीच्या थानाचा बोटभर तुकडा टाचणीनं लावलेला. त्यामुळे त्यांना साल विचारावं लागायचं नाही. निळ्या चौकड्यांची दिवाळी म्हटलं की ते बरोबर तिथे यायचे.

माप पोळ्याला आणि कपडे दिवाळीला. मधल्या दोन महिन्यांतही उर्वशी वाढायची आणि तिचा पायजमा नवा असतानाच घोट्याच्या वर जायचा. हे पाहून आईनं अयूबभाऊंना सांगून ठेवलं होतं की आमच्या दिव्यानीच्या पायजम्याला खाली चांगली चार बोटं दुमड ठेवा, पोट्टी वाढती आहे, पुढच्या पोळ्याला उसवा लागन. अयूबभाऊ दरवर्षी निमूटपणे चार बोटं दुमड ठेवायचे. ती जाड दुमड माझ्या नडगीवर आपटायची. पुढच्या पोळ्याला काकू उर्वशीची दुमड अख्खी उसवून यायची, आणि आई माझी उसवायला बसायची तेव्हा एक बोटसुद्धा सोडायची गरज नसायची. मग ती सुई कपाळाला लावून तशीच बसून राहायची.

उर्वशी काऊन वाढते, यावर आईनं जेवढा विचार केला तेवढा कोणी केला नसेल. तिचं पहिलं मत होतं, रक्त. पण रोशनकाका माझ्या वडिलांइतकेच, म्हणजे पाच फूट दोन इंच. आणि रंभाकाकू तर आईहून दोन बोटं बुटकी. हे मी दाखवून दिलं तेव्हा आईनं काकूचा आजा काढला, जो आमच्यापैकी कोणी पाहिलेला नव्हता. तो म्हणे दारातून वाकून यायचा. मेलेल्या माणसाला काय, कितीही उंच करावं.

दुसरं मत, भात. आपण झाडीपट्टीची माणसं भात खातो म्हणून बुटकी, वर्धा नदीपलीकडची ज्वारी-गहू खातात म्हणून धिप्पाड. सूरजागडच्या खाणीचे ट्रक आमच्या रस्त्यावरून जायला लागले तेव्हा तिला पुरावाच मिळाला. ढाब्यावर पंजाब-हरियाणाकडचे एकेक ड्रायव्हर उतरायचे, आणि आई डोक्यावर गवताचा भारा घेऊन त्यांच्याकडे बघत उभी राहायची. त्यांच्या आयांनी त्यांना काय खाऊ घातलं असेल, असं तिनं मला एकदा विचारलं. घरी येऊन तिनं महिनाभर पोळ्या केल्या. गहू विकतचा, म्हणून पोळ्या दोघांनाच पुरायच्या, वडील आणि प्रणित. मी आणि आई भातच खात होतो. यात काही चुकतंय असं तेव्हा मलाही वाटलं नाही.

तिसरं मत, कॉलनीचं पाणी. प्रणित कामासाठी भद्रावतीला गेला तेव्हा तिनं त्याच्याकडून काकूच्या नळाचं पाच लिटर पाणी मागवलं. एसटीत तो कॅन मांडीवर घेऊन आला आणि आल्यावर निम्मं त्यानंच पिऊन टाकलं, तहान लागली होती म्हणाला.

आई आणि मी एरवी फारशा बोलत नसू. पण दिवाळी झाली, काकांची बस गेली की आम्ही दोघी चुलीपाशी बसून उर्वशीला सोलून काढायचो. तिची मान कशी लांब आहे, ती चालते कशी, तिला नवरा कुठून मिळणार. मला त्या गप्पा फार आवडायच्या. आई त्या वेळी पूर्ण माझ्या बाजूची असायची.

मोठेपणी उर्वशी पाच फूट पाच इंच झाली आणि नागपूरला कॉम्प्युटर शिकायला गेली. दिवसभर खुर्चीत बसायचं. त्या उंचीचा तिला काडीचा उपयोग नव्हता. उलट बसमध्ये गुडघे अडतात म्हणून ती कुरकुर करायची. हे ऐकून माझं डोकं फिरायचं, कारण उंची मला हवी होती, आणि नोकरीसाठी हवी होती.

मला वनरक्षक व्हायचं होतं. दोन वर्षं अभ्यास केला. पहाटे डांबरी रस्त्यावर धावायचे, आई सायकल घेऊन मागे यायची, रानडुकरांच्या भीतीनं. लेखी परीक्षेत माझे मार्क असे आले की अयूबभाऊंनी स्वतःहून सांगितलं, दिव्यानी, तुझा खाकी गणवेश मी शिवणार, आणि खाकी कापड आणूनही ठेवलं. मला ते फार भिडलं. आयुष्यात पहिल्यांदा माझं एकटीचं कापड असणार होतं, त्यात उर्वशीचा वाटा नाही. मुलींना उंची दीडशे सेंटिमीटर लागते. आमच्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर खुणा आहेत, तिथे मी चप्पल घालून बरोबर भरत होते. चपलेचं मी स्वतःला सांगितलं नाही.

चंद्रपूरच्या मैदानावर त्यांनी चप्पल काढायला लावली. अंबाडा सोडायला लावला. मोजणाऱ्या बाई भल्या होत्या, त्यांनी मला दोनदा उभं केलं, श्वास ओढून घे म्हणाल्या. दोन्ही वेळा एकशे साडेअठ्ठेचाळीस. धावायची वेळच आली नाही. माझ्या पुढे-मागे उभ्या असलेल्या मुली आत जात होत्या आणि मी त्यांच्या टाचा बघत बाहेर आले.

आईनं ते मान्यच केलं नाही. तिच्या मते सरकारी पट्टी चुकली होती. जगात खरं माप एकाच माणसाचं, ते म्हणजे अयूबभाऊंचं. त्यांनी कागदावर लिहून द्यायचं, मग तो कागद घेऊन ती चंद्रपूरला साहेबापुढे बसणार होती. शिंप्याच्या चिठ्ठीवर वनखातं निर्णय फिरवत नाही हे मी तिला परोपरीनं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला हाताला धरून गोंडपिपरीला घेऊन गेली.

अयूबभाऊंनी सगळं ऐकून घेतलं. आईला स्टुलावर बसवलं, मला भिंतीशी उभं केलं, डोक्यावर लाकडी पट्टी आडवी धरून पेन्सिलीची खूण केली आणि टेप लावला. साडेअठ्ठावन्न इंच. एकोणसाठ पाहिजे होते.

आईनं टेप हातात घेऊन स्वतः पाहिला. तिला अंक येतात. मग टेप परत दिला, आणि मला वाटलं आता ती उठेल. पण तिच्या पोटातली ती जुनी आग कुठे गप्प बसते. ती म्हणाली, हिचं एवढंच भरलं तर भरलं, पण ती रंभाची पोट्टी कुठून एवढी वाढली ते तरी पाहू द्या. कॉलनीच्या दवाखान्यात तिले कायचं इंजेक्शन देलं असन, अमुक एका वर्षी एकदम वाढली असन, वहीत दिसन.

अयूबभाऊंनी वही काढली. आमच्या घराची दोन पानं उघडली आणि सगळ्या दिवाळ्या एका नजरेत समोर आल्या. निळ्या चौकड्या, पिवळी फुलं, तो भयंकर जांभळा. एकदम वाढल्याची खूण कुठेच नव्हती. उर्वशी दरवर्षी सारखीच वाढत आली होती. दहाव्या वर्षी तिचा पायजमा तेहतीस इंच.

"दहाव्या वर्षीच तेहतीस," आई म्हणाली. "मंग इंजेक्शन नाई, रक्तच होय ते. नाई तं कॉलनीचं पाणी."

मी तेव्हा वहीवर वाकले होते. मला उर्वशीचं काही बघायचं नव्हतं, मी आपला माझा रकाना शोधत होते. माझं दहावं वर्ष म्हणजे पिवळ्या फुलांची दिवाळी. पायजमा तीस इंच. आणि त्याच्या वर, तीन वर्षं आधी, निळ्या चौकड्यांपाशी प्रणितचं दहावं वर्ष होतं. मी त्यावर बोट ठेवलं. तेहतीस.

आईनं माझं बोट पाहिलं. ती लगेच म्हणाली की प्रणित पोट्टा आहे, पोट्टे उंच राह्यतेच.

"दहाव्या वर्षी नाई, बाई," अयूबभाऊ म्हणाले. "त्या वयात पोट्ट्या पोट्ट्यायच्या बरोबरीनंच राह्यते, कधी कधी पुढं. तीस वर्षं मापं घेऊन राह्यलो मी."

मग त्यांनी भद्रावतीचं सांगितलं, आईकडे न बघता, टेप गुंडाळत. कॉलनीत साऱ्या मुलखाची माणसं होती, बंगालकडची, केरळची, तेलंगणातली, आपल्या इकडचीही. अयूबभाऊंना सुरुवातीला वाटायचं की ज्याचा त्याचा मुलूख पोराच्या मापात दिसणार. आईबाप वेगवेगळे दिसायचेच. पण त्याच क्वार्टरात जन्मून, तेच नळाचं पाणी पिऊन, जुलाब लागले की त्याच दवाखान्यात जाऊन पोरं वाढली की त्यांची मापं हळूहळू एकमेकांच्या जवळ येत गेली, बापांपेक्षा वर. मुलखाचा फरक असतो, ते म्हणाले, नाही असं नाही. पण लहानपणी काय पोटात गेलं, कितीदा आजारपणात वाया गेलं, त्याचा फरक त्याहून मोठा. म्हणून त्यांना आमचं पान नेहमी कोड्यात टाकायचं. पण विचारायचं कसं, दुसऱ्याच्या घरातली गोष्ट.

"तुमचा प्रणित कॉलनीत वाढला नाई," ते म्हणाले. "पण कॉलनीच्या पोट्टीइतका वाढला. याच गावात, याच भातावर. बाई, पान एकच आहे. थान बी एकच होतं."

 आई त्या टाचणी लावलेल्या तुकड्यांवरून हात फिरवत बसली. मग तिनं विचारलं, आता काही होते का. अयूबभाऊंनी मान हलवली. तेवीस वर्षांच्या हाडाची दुमड आता कोण उसवणार होतं.

ऑटोत आई मला म्हणाली, "त्याले शेतात काम करा लागे." प्रणित दहा वर्षांचा असताना कोणत्या शेतात काम करत होता ते मी विचारलं नाही. मला फक्त अंडी आठवत होती.

आमच्या कोंबड्या रोज दोन अंडी द्यायच्या, कधी तीन. आई रात्री अंड्याची भाजी करायची. एक अंडं वडिलांना, एक प्रणितला, तिसरं असलं तर तेही प्रणितला, वाढता पोरगा म्हणून. मला ती भातावर तर्रीदार रस्सा वाढायची आणि म्हणायची, आमच्या दिव्यानीला रस्साच आवडतो. पाहुण्यांनाही सांगायची. मला रस्सा आवडतो हे आईनं ठरवलं होतं, आणि मोठी होईपर्यंत मलाही ते खरं वाटायचं. उर्वशी आली की तिला काकू स्वतःच्या ताटातलं अर्धं अंडं द्यायची. तेव्हा मी मनात म्हणायचे, हिला रस्सा आवडत नाही, किती लाडावलेली आहे. काकूला वाढायला दुसरं पोर नव्हतं. मुलगा नाही म्हणून आई तिला वर्षानुवर्षं टोमणे मारत आली, आणि उर्वशी वाढली ती त्याच रिकाम्या जागेत.

मला त्या दिवशी कळलं की मी चुकीच्या माणसावर जळले होते. उर्वशीवर पंधरा वर्षं जळले. खरा हेवा करायला हवा होता तो माझ्या शेजारी पाटावर बसलेल्या माझ्या सख्ख्या भावाचा. त्याचा हेवा करायचा असतो हेच मला कोणी शिकवलं नव्हतं.

त्या रात्री आईनं माझ्या ताटात दोन अंडी वाढली आणि प्रणितच्या ताटात नुसता रस्सा.  प्रणितनं एकदा माझ्या ताटाकडे पाहिलं, एकदा आईकडे, आणि गुपचूप भात कालवला. मी दोन्ही अंडी त्याच्याकडे बघत बघत खाल्ली. उपयोग काही नव्हता, पण खाल्ली.

नंतरच्या पोळ्याला काका-काकू आले. उर्वशी आली, दारात वाकली, आत आली. आईनं तिला डोळे भरून पाहिलं आणि काकूला पहिल्यांदाच सरळ सांगितलं, "रंभा, पोट्टीले चांगलं वाढवलं तू." काकू इतकी गडबडली की तिला वाटलं आपलं काही चुकलं. मला मात्र ते आवडलं नाही. आईचा जळफळाट संपला होता आणि माझा नव्हता. चुलीपाशी बसून उर्वशीला सोलायला आता मी एकटीच उरले. मी सुरुवात केली की आई उठून कोंबड्या झाकायला जायची.

मी आता अशा परीक्षा देते ज्यात उंची विचारत नाहीत. तलाठ्याची दिली, निकाल यायचा आहे. अयूबभाऊंकडचं ते खाकी कापड त्यांनी दुसऱ्या कोणाला शिवून दिलं असेल. मी विचारलं नाही.

प्रणितचं लग्न लवकर झालं होतं. त्याची मुलगी चंचल आता तीन वर्षांची आहे. परवा वहिनीनं अंड्याची भाजी केली. चंचल माझ्या आईच्या मांडीवर बसली होती. आईनं अंडं कुस्करून तिच्या तोंडाशी नेलं, तर पोरीनं तोंड फिरवलं आणि बोटानं वाटी दाखवली. तिला रस्सा हवा होता. वहिनी हसून म्हणाली, द्या की आई, तिला रस्साच आवडतो.

आईचा हात थांबला. मग तिनं रस्स्याची वाटी उचलली आणि हात पोहोचणार नाही इतकी लांब सरकवली.

"रस्सा कोणालेच आवडत नाई," ती म्हणाली. "अंडं खा."

आणि पोर रडत असताना, नाक पुसत, गोष्ट सांगत, एकेक घास करून तिनं अख्खं अंडं तिला भरवलं. शेवटचा बारीक तुकडा ताटात राहिला होता तोही बोटानं उचलून तिच्या तोंडात घातला. मी समोर बसून बघत होते. चांगलं वाटायला हवं होतं, हे मला कळतं. पण खरं सांगते, त्या तीन वर्षांच्या पोरीवर मी जेवढी जळले, तेवढी उर्वशीवरसुद्धा कधी जळले नव्हते.